काळा पडला की हाक मार

हरणी, बडोदे
९ जानेवारी २०२४

शलू,

आशीर्वाद आधी लिहीत नाही. हवेत की नकोत ते तू ठरव, मग लिहीन.

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं ओळखून तू न फोडताच फेकलं असतंस, म्हणून दुसरीकडून लिहून घेतलं. पत्ता वहिनीनं दिला, तुझ्या बाबांना न सांगता. तिच्यावर रागावू नकोस. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस त्याला सहा वर्षं झाली, मग पोस्टाशिवाय दुसरी वाट कुठली? जळगावचा पोस्टमन तरी आत्याला दारात उभी करील अशी आशा.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, त्यांना मी दाद देत नाही. इथं विमान डोक्यावरून गेलं की खिडकीची काच थरथरते आणि माझा हात आपोआप टेबल घट्ट धरतो. एकतीस वर्षं लॅबमध्ये पापुद्रे सांभाळले. अजूनही काही हललं की वाटतं, गेला, फुटला.

पाकिटावरचं अक्षर रसिकाचं. आपल्या लॅबमध्ये रिसर्चला लागलेली नवी मुलगी, राहते निजामपुऱ्यात. मागच्या रविवारी स्कूटीवरून आली, टेफ्लॉनच्या कपाला भोक पाडायला शिकायचं म्हणून. लॅबच्या पंड्या सरांनी तिला सांगितलं होतं, "मालाबेन सिवाय कोईने नथी आवडतुं." ती पोर नागपूरची. तिला वाटलं, भोक पाडणं कुणाला आवडत नाही! गुजरातीत आवडणं म्हणजे जमणं, हे समजावताना आम्ही दोघी हसलो. मग मी तिला सेव-उसळ वाढली. खाता खाता ती म्हणाली, बेडकाच्या कातडीतल्या पेप्टाइडवरचं काम परत सुरू करायचंय, पूर्वी एका मुलीनं त्यात आकडे रचले होते म्हणे, म्हणून ते बंद पडलं होतं.

तुझं नाव तिनं घेतलं नाही. तिला ते ठाऊकच नाही, पाकिटावर लिहिलं तेही माझी भाची म्हणून. "एक मुलगी" म्हणाली. मी तिच्या उसळीवर आणखी सेव घातली.

ती गेल्यावर मला जेवण गेलं नाही. तुला एक सांगायचंय. आज होत नाही. आज एवढंच, की मी लिहायला बसले.

माला आत्या


हरणी, बडोदे
२७ जानेवारी २०२४

शलू,

पत्र परत आलं नाही. म्हणजे एक तर तू वाचलंस, नाही तर कचऱ्यात टाकलंस. मी वाचलंस असंच धरून चालते. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

आठवतं, सातवीच्या दिवाळीच्या सुट्टीत तू पहिल्यांदा लॅबमध्ये आलीस? दगडी लादीखाली स्कूटरच्या चार ट्यूबा हवा भरून ठेवलेल्या बघून तू विचारलंस, टेबलाला गाडी चालवायचीय का. मी सांगितलं, रस्त्यावरून बस गेली तरी पापुद्रा हलू नये म्हणून. मग स्टुलावर उभी करून तुला सगळं दाखवलं. मिठाच्या पाण्यात बुडालेला टेफ्लॉनचा कप, त्याच्या भिंतीला मोहरीहून बारीक भोक, आत-बाहेर चांदीची एकेक तार. अंड्याच्या पिवळ्या बलकातून काढलेलं लिपिड तेलात कालवायचं आणि बारीक कुंचल्यानं भोकावरून एकच हात फिरवायचा. बस. पापुद्रा आपला आपण बनतो.

कसा बनतो, म्हणालीस. मी माझ्या परीनं सांगितलं, की लिपिडच्या रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाण्याची ओढ, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. मग ते दोन रांगा धरतात, डोकी बाहेर पाण्याकडं, शेपट्या आत एकमेकींकडं. कुणी लावून द्यायला लागत नाही. तू लगेच म्हणालीस, "घडीच्या पोळीसारखं. तेल आत, पीठ बाहेर." पंड्या सर दारात उभे होते. पुढं वर्षानुवर्षं नव्या पोरांना ते तुझी पोळी सांगत. आपल्या अंगातली पेशीन् पेशी त्याच पोळीत गुंडाळलेली आहे, आणि जाडी किती, तर केसाचे पंधरा हजार पदर सोलले तर त्यातला एक.

मग मी तुझा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. आधी पापुद्रा जाड असतो, पावसाळ्यात डबक्यावर पेट्रोल सांडल्यासारखे रंग दिसतात. तेल निघून जातं, रंग विटतात, राखाडी होतो. मग खाली एक काळा ठिपका येतो आणि पसरत जातो. इतका पातळ होतो की पुढून परतलेला प्रकाश मागून परतलेल्या प्रकाशाला खाऊन टाकतो. काळा झाला म्हणजे साधला. "काळा पडला की हाक मार," असं सांगून मी भांडी धुवायला गेले, आणि दहा मिनिटांनी तुझी आरोळी साऱ्या खात्यात घुमली.

घरी नागरवाड्यात जेवताना तू सांगत सुटलीस, आज चार वेळा काळं झालं. दादानं ताटावरून डोळे वटारले. दिवाळीत असलं अभद्र बोलू नये म्हणाला. आपण दोघी पदराआड हसलो. माझ्या पदराआड, तुला कुठला पदर.

पुढं तू त्याच लॅबमध्ये पीएचडीला आलीस, बेडकाचं पेप्टाइड पापुद्र्याला भोकं पाडतं का ते बघायला. तुझ्या कपाचं भोक काठाला फाटकं होतं. पापुद्रा बसायचा आणि पाच मिनिटांत फुटायचा. दोन महिने तेच. एक दिवस तू मोरीपाशी उभी राहून रडलीस आणि म्हणालीस, माझा हातच वाईट आहे. तेव्हा मी तुला कपाटातला सगळ्यात चांगला कप काढून दिला.

हात तुझा वाईट नव्हता. एवढं आज लिहून ठेवते.

माला आत्या


हरणी, बडोदे
१८ फेब्रुवारी २०२४

शलू,

मागच्या पत्रात मी "कपाटातला" लिहिलं. कुठल्या कपाटातला ते लिहिलं नाही. बघ, सहा वर्षांनी कबूल करायला बसले तरी मी झाकपाक करतेच आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

उजव्या कपाटातला.

उजव्या कपाटात काय असायचं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, म्हणजे मला पळवाट राहणार नाही. तिथं ग्रॅमिसिडिनचे कप असायचे. ते औषध पापुद्र्यात शिरून बोगदा करतं, बोगद्यातून मिठाचा विद्युतभार वाहतो, आणि कागदावर प्रवाहाची रेघ पायरी-पायरीनं चढते. शिकवायला झकास. पण ते टेफ्लॉनमध्ये मुरतं. मग कितीही धुवा, थोडं थोडं बाहेर पाझरतच राहतं. म्हणून त्या कपांच्या बुडाला लाल नखपॉलिशचा ठिपका द्यायचा आणि ते कधी डाव्या कपाटात जाऊ द्यायचे नाहीत, हा नियम लॅबमध्ये मीच घातला होता. मीच.

त्यातल्या एका कपाचं भोक मी १९९४ साली तापल्या सुईनं पाडलं होतं. तसं गोल भोक परत माझ्या हातून झालं नाही. त्यात पापुद्रा दोन-दोन तास टिकायचा. तू रडलीस त्या दिवशी मला तो कप आठवला. चार दिवस तो मी मिथेनॉलमध्ये, क्लोरोफॉर्ममध्ये, परत मिथेनॉलमध्ये घोळवला. पंड्या सर म्हणायचे ना, "मालाबेने धोयुं एटले धोयुं," धुतलं म्हणजे धुतलंच. ते मला खरंच वाटायला लागलं होतं. पाचव्या दिवशी ॲसिटोननं लाल ठिपका पुसला आणि कप तुझ्या हातात दिला. नवा आहे, म्हटलं. वर शहाणपणा शिकवला, की साधा पापुद्रा बघायचा असेल तेव्हा जुना कप घे, हा चांगला कप फक्त पेप्टाइडसाठी राख.

म्हणून जुन्या कपात, पेप्टाइड न घातलेल्या पापुद्र्यात तुला काही दिसलं नाही, आणि या कपात, घातलेल्यात, तिसऱ्याच दिवशी पायऱ्या आल्या. तू मला मिठी मारलीस. सरांनी पेढे आणवले. मी कागदावर त्या पायऱ्या बघितल्या आणि पुसलेला लाल ठिपका आठवला. खोटं कशाला सांगू, तेव्हाच आठवला. मी पेढा खाल्ला आणि ते खाली ढकललं.

पुढचं तू भोगलंस. पेपर छापून आला, दुसऱ्या लॅबला तेच काम जमेना, पत्रं आली, तिघांची समिती बसली. त्यातल्या एकानं म्हटलं, या पायऱ्या हुबेहूब ग्रॅमिसिडिनच्या आहेत, भांड्यात काही राहिलं होतं का? मला आत बोलावलं. तू खुर्चीवर बसली होतीस, निळा ड्रेस, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं. पंड्या सरांनी विचारलं, "मालाबेन, आ कप नवो छे ने?"

मी म्हटलं, "हा साहेब, नवो ज छे."

नवो ज छे, तीन शब्द. भांडं स्वच्छ, म्हणजे मग आकडे खोटे. त्यांनी तसं लिहिलं आणि तुझं शिक्षण संपलं.

नोकरी जाईल म्हणून घाबरले असं तुला वाटत असेल तर नाही. निवृत्तीला आठ महिने उरले होते, मला कोण काढणार होतं? एकतीस वर्षांत माझ्या हातून घाण भांडं गेलं नाही, हे एकच माझ्यापाशी होतं. नवरा लग्नाच्या तिसऱ्या वर्षी गेला, मूल नाही, भावाच्या घरात राहायचं. लॅबमध्ये मात्र मोठमोठे लोक माझ्या धुण्याला मान द्यायचे. तो मान मी राखला आणि तुला पुढं केलं.

दोन दिवसांनी, संध्याकाळी नागरवाड्यात दादा तुला म्हणाला, "चार पिढ्या पागेत चाकरी केली, कुणी खोटी हजेरी लावली नाही. घराण्याचं तोंड काळं केलंस." मी तेव्हा भाकरी वाढत होते. तू बापाकडं बघितलं नाहीस, माझ्याकडं बघितलंस. मी दुसऱ्या भाकरीला तूप लावत राहिले. तुझ्या त्या बघण्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

निवृत्त झाले त्या दिवशी तो कप डब्यात घालून घरी आणला, कुणाला सापडू नये म्हणून. पुढं हरणीला वेगळी राहायला आले तेव्हा बरोबर घेतला. तो इथंच आहे, मोहरीच्या डब्यामागं.

मला माफ कर असं लिहिणार नाही. मागायचं तोंड नाही. उद्या कप घेऊन पंड्या सरांकडं जाते. जाईन जाईन म्हणत आठवडे काढले, म्हणून तुला आधी लिहिलं. आता मागं फिरायला जागा नाही.

माला


हरणी, बडोदे
१२ मार्च २०२४

शलू,

गेले. पहिल्या दिवशी फाटकापासून परत आले, हेही सांगते. दुसऱ्या दिवशी आत गेले.

पंड्या सर थकलेत. कप टेबलावर ठेवून मी सगळं सांगितलं, उजव्या कपाटापासून मोहरीच्या डब्यापर्यंत. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी कप उजेडाकडं धरून भोक बघितलं. मग म्हणाले, करून बघू. शास्त्रज्ञ माणूस, तोंडी कबुलीवर थोडाच विश्वास ठेवणार.

रसिकानं मांडामांड केली. ट्यूबांमध्ये हवा भरली, मिठाचं पाणी ओतलं. पेप्टाइडचा थेंबही नाही, नुसतं लिपिड. कुंचला तिनं माझ्या हातात दिला. मी तो भोकाशी नेला. एकच हात फिरवला. रंग आले, विटले, राखाडी झाला. खाली काळा ठिपका आला आणि वर पसरला. "काळा पडला," मी म्हटलं, आणि हाक मारायला मान वळवली. तू नव्हतीस.

रेघ सपाट होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि शलू, मनात मी देवाची प्रार्थना करत होते. काय मागत होते ते ऐक. पायरी येऊ दे, म्हणत होते. एकतीस वर्षांची माझी धुलाई खोटी ठरू दे. अकराव्या मिनिटाला रेघ एक पायरी चढली. मग दुसरी. मग एक उतरली.

रसिकानं माझ्याकडं बघितलं. तिला आता कळलंय "एक मुलगी" म्हणजे कोण. "मावशी, त्यांनी खोटं काहीच केलं नव्हतं," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले. मी तिला जवळ घेतलं. माझेही डोळे वाहत होते, कशाला लपवू.

सर म्हणाले, "मालाबेन, लखी आपो." मी मराठीत लिहून दिलं, रसिकानं इंग्रजी केलं, मी सही केली. त्याखाली सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, की त्याच कपात साधा पापुद्रा करून बघा असं सांगणं मार्गदर्शकाचं काम होतं, ते मी केलं नाही. मी त्यांना अडवत होते. ते म्हणाले, बेन, तुमची चूक तुमच्यापाशी, माझी माझ्यापाशी. कागद समितीकडं गेलेत.

तिथून तशीच नागरवाड्यात गेले. दादा पेपर वाचत होता. मी उभ्यानंच सांगितलं. "दादा, तोंड काळं झालं असेल तर माझं झालं. पोरीचं नाही." त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभी. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, तिचा पत्ता कुणापाशी आहे का. त्याचं पत्र आलं तर फाडू नकोस. त्याला लिहायला जमत नाही, दोन ओळी असतील.

सोबत त्या रेघेची झेरॉक्स आहे. अकराव्या मिनिटापाशी मी खूण केली आहे. तुझं आहे, तुझ्यापाशी असावं.

माला


हरणी, बडोदे
१४ एप्रिल २०२४

शलू,

तुझं पत्र काल आलं. दारातच उभ्यानं वाचलं, मग बसून, मग परत उभ्यानं.

म्हणजे तुला ठाऊक होतं.

टेबल आवरायच्या दिवशी तू कप उलटा करून भिंगाखाली धरलास आणि बुडाच्या खाचेत लाल कण दिसला, असं लिहितेस. समितीनंतर दोन दिवसांनी. म्हणजे दादानं तोंड टाकलं त्या रात्रीआधी काही तास. तुझ्या त्या बघण्याचा अर्थ मी सहा वर्षं लावत होते, आणि तो इतका साधा होता. तू वाट बघत होतीस. मी भाकरीला तूप लावत होते.

तुझी वाक्यं मला पाठ झालीत. "मी सांगितलं असतं तर समितीनं ऐकलं असतं. पण तुझ्याकडं तेवढंच होतं, आत्या, आणि ते मी काढून घेणार नव्हते. तू आपण होऊन दिलं असतंस तर घेतलं असतं." अगं, इतकी कशी गं वेडी तू? तुझा राग मला सोसला असता, मी तो सहा वर्षं सोसतच होते. तू मला राखलंस हे सोसत नाही. काल दिवसभर मी घरातलं प्रत्येक भांडं दोनदा घासलं.

आणि वर लिहितेस, दोन कपांत दोन प्रयोग करणं ही चूक तुझी, ती माझ्या नावावर घालायची नाही. ठीक आहे बाई. तुझी चूक तुझ्यापाशी. पंड्या सरांची पोर शोभतेस.

समितीचं पत्र तुला आलंच असेल. पेपर मागं घेतलेलाच राहणार. पण कारणातला "रचलेले आकडे" हा शब्द काढून "दूषित भांडं" घातलाय. ते भांडं कुणी दिलं तेही लिहिलंय, नावानिशी. रसिकानं मला वाचून दाखवलं. मी तिला ती ओळ परत वाचायला लावली.

आता कपाचं. मी तो फेकणार होते. तू लिहितेस फेकू नकोस, तू शिकवतेस त्या कॉलेजातल्या बारावीच्या पोरांना पायऱ्या दाखवायच्या आहेत, जुना सूक्ष्मदर्शक मिळवलाय आणि लादीखाली ट्यूबाही घातल्यात. ग्रॅमिसिडिनसाठी तो कप उत्तमच. दोन तास टिकेल पापुद्रा. आणि शेवटी तुझी ती एक ओळ: "आत्या, खूण परत लाव."

आज सकाळी निजामपुऱ्यात जाऊन लाल नखपॉलिश आणलं. दुकानदारीण म्हणाली, काकी, तुम्हांला हा रंग शोभेल. मी म्हटलं, मलाच लावायचाय. खिडकीत बसून कपाच्या बुडाला ठिपका दिला, वाळू दिला, वरून आणखी एक दिला. या खेपेला तो खाचेत नीट भरला आहे, सहजी निघायचा नाही. उद्या रसिका पार्सल करील. पोरांना सांग, हा कप दुसऱ्या कशाला वापरायचा नाही, कुणीही कितीही धुतला तरी.

आशीर्वाद लिहायचे राहिले होते. ते सगळे तुला आहेत, पहिल्यापासून होते.

फोन मी केला तर लागत नाही, तेव्हा तूच ठरव. तिकडं पाण्यात कप बसवशील, कुंचल्याचा हात फिरवशील, रंग जातील. काळा पडला की हाक मार.

तुझी
माला आत्या